मुद्देमाल: एक जुना कॉम्प्युटर

टक्कल असणं हा गुन्हा नाही. निदान अजून तरी नाही. पण माझ्या टकलापायी एक गुन्हा नोंदवला गेला, त्याचा रीतसर तपास झाला, त्यात दोन पंच, एक हवालदार, एक प्रयोगशाळा आणि आमचं अख्खं घर कामाला लागलं, आणि शेवटी आरोपी सोडून बाकी सगळे सापडले. त्यातही सगळ्यात जास्त मी सापडलो.

माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, आवक-जावक विभागात. पाण्याशी माझा संबंध पिण्यापुरता. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या पत्रावर दुसरा शिक्का मारायचा, आणि दोन्ही शिक्क्यांची शाई एकमेकांत मिसळू द्यायची नाही, एवढी माझी जबाबदारी. सत्तावीस वर्षांत त्या ऑफिसात माझ्याकडे बघून कुणी हसलं नव्हतं. खरं सांगायचं तर कुणी बघितलंही नव्हतं. पण त्या सोमवारी फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून सगळे माझ्याकडे बघून हसत होते. “किती बाटल्या संपवल्यात?” असं मला लिफ्टमध्येच दोघांनी विचारलं.

झालं होतं असं, की रविवारी दुपारी माझ्या ईमेलवरून, माझ्या नावानं, तीनशे चौदा माणसांना केसवाढीच्या तेलाची जाहिरात गेली होती. ‘मित्रांनो, तीन आठवड्यांत मला आलेला गुण तुम्हीही अनुभवा!’ आणि खाली माझा फोटो. या फोटोत माझं कपाळ नेमकं कुठे संपतं हे मलाही सांगता येत नाही. ज्या कुणी हा उद्योग केला त्याला धंद्यातलं काही कळत नव्हतं एवढं नक्की.

हसणाऱ्यांचं मला काही वाटलं नसतं. पण आमच्या मोठ्या साहेबांनाही टक्कल आहे. त्यांनी तो मेल स्वतःला लावून घेतला. मला केबिनमध्ये बोलावून त्यांनी दार लावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “मला हे पाठवण्यामागे तुमचा हेतू काय?” मी म्हणालो, साहेब, हा मेल मी पाठवलाच नाही. ते म्हणाले, “मग फोटो कुणाचा आहे?” या प्रश्नावर माणसानं काय उत्तर द्यायचं? तीन दिवसांत लेखी खुलासा, असा हुकूम घेऊन मी बाहेर आलो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, पासवर्ड बदला आणि गप्प बसा.” मुलगी म्हणाली, “बाबा, हे कुठून झालं असेल ते मला माहितीये.” मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषयही कॉम्प्युटरचाच. म्हणजे घरात या बाबतीतली एकुलती एक जाणकार. तेव्हा मी काय करावं? मी तिला म्हणालो, “तू अभ्यासाचं बघ,” आणि सल्ला विचारायला दुसऱ्या मजल्यावरच्या कायदेकाकांकडे गेलो.

कायदेकाका वकील नाहीत. एका गळक्या पाइपवरून ते शेजाऱ्याशी चौदा वर्षं कोर्टात भांडले. निकाल लागायच्या आत पाइप गंजून आपोआप पडला. पण तेवढ्यात त्यांना जो कायदा आला तो तेव्हापासून साऱ्या इमारतीला पुरतो आहे. “लेखी तक्रार करा,” ते म्हणाले. “नाहीतर उद्या तुमचे साहेबच म्हणतील की तेल तुम्हीच विकता. आणि घरच्या कॉम्प्युटरला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. तो आता पुरावा आहे.” तिथेच तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी बसल्या होत्या. त्या कुठेही असतात. त्या म्हणाल्या, “आमच्या जावयाच्या फोनमध्ये असंच कुणीतरी शिरलं होतं. अजून बाहेर आलेलं नाही.”

मी खाली आलो आणि पुरावा ताब्यात घेतला. म्हणजे जेवणाच्या टेबलाशेजारच्या कोपऱ्यातला आमचा जुना कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, त्याला सुतळीनं आडवा-उभा बांधला, गाठीवर कागद चिकटवला आणि कागदावर सही ठोकली. हे काम मी इतकं सुबक केलं की क्षणभर मला वाटलं, आपण चुकीच्या खात्यात नोकरी धरली.

मुलगी दारात उभी राहून बघत होती.

“बाबा, दहा मिनिटं द्या मला. माझी एक फाईल आहे त्यात, तेवढी काढून घेते.”

“कसली फाईल?”

“माझी. खाजगी आहे.” मग ती म्हणाली, “पाच वर्षं लिहितेय मी. रोजच्या रोज.”

“अगं, पोलिसांना तुझ्या रोजनिशीशी काय करायचंय? ते चोर शोधणार.”

“बाबा, पण चोर घरच्या कॉम्प्युटरमध्ये नाहीच आहे. तुम्ही त्या झेरॉक्सच्या दुकानात—”

“पुराव्याला हात लावला तर मला आत टाकतील!” मी इतक्या जोरात ओरडलो की ती दचकली. मग ती आत गेली. मला स्वतःचा अभिमान वाटला. कायद्यापुढे पोटची पोरही बघितली नाही, असा मी तत्त्वाचा माणूस! आज ती दहा मिनिटं परत मिळणार असतील तर मी काय वाटेल ते देईन. पण तेव्हा मी फक्त सुतळी जरा आणखी आवळली.

पोलीस चौकीत कॉम्प्युटरच्या गुन्ह्यांचा विभाग मागच्या बाजूला, बेवारस सायकलींच्या पलीकडे आहे. तिथल्या हवालदारांना वाईट म्हणवत नाही. निवृत्तीला आलेला, सभ्य, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून एका बोटानं टाइप करणारा माणूस. दुसऱ्या हाताचं बोट ते पुढच्या अक्षरावर तयार ठेवत, पण दाबत पहिल्याच बोटानं. तक्रार लिहून होईस्तोवर माझा राग दोनदा शांत झाला आणि तिसऱ्यांदा परत आला.

“त्या मेलची प्रिंट लागेल,” ते म्हणाले. “रंगीत. तीन प्रती.”

कॉम्प्युटर मी स्वतःच बांधून ठेवलेला. तेव्हा समोरच्याच रस्त्यावर आमचं नेहमीचं झेरॉक्सचं दुकान आहे तिथे गेलो. आमच्या खात्याचे फॉर्म, बिलं, मुलीचे दाखले, सगळं मी तिथेच छापतो. दुकानदार मोठा प्रेमळ. मी पासवर्ड घालायला खिशातली चिठ्ठी काढली, तर म्हणाला, “काका, राहू दे. तुमचं ईमेल इथे उघडंच असतं. रोज रोज तुम्हाला कशाला त्रास, म्हणून मी बंदच करत नाही.” मी त्याचे आभार मानले. हो, मानले. आजच्या जगात कोण कुणासाठी एवढं करतं, असंही म्हणालो.

तीन रंगीत टकलं घेऊन परत गेलो तर हवालदारांनी एक छापील कागद पुढे सरकवला. प्रिंटसोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात लिहिलं होतं: ‘सदर संगणक संबंधित काळात पूर्णपणे माझ्या ताब्यात होता व व्यवस्थित चालत होता.’

“हवालदारसाहेब, मी तर तक्रार केलीये की तो दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात होता.”

“बरोबर. ती तक्रार.”

“आणि इथे लिहिलंय की तो माझ्या ताब्यात होता.”

“हे प्रमाणपत्र. याशिवाय प्रिंटला पुरावा धरत नाहीत.”

“पण तो माझ्या ताब्यात असता तर मी इथे आलो असतो का?”

हवालदारांनी चष्मा काढून पुसला. “असं बघा, तक्रारीत तुम्ही खरं लिहा. प्रमाणपत्रात छापलंय ते राहू द्या. दोन्हीवर सही करा.” मी एकाच पेनानं, एकाच टेबलावर, दोन मिनिटांच्या अंतरानं दोन्ही केलं.

शुक्रवारी ते पंचनाम्याला घरी आले. दोन प्रतिष्ठित पंच हवे होते. कायदेकाका इस्त्रीचा शर्ट घालून आधीच जिन्यात उभे होते, आणि मावशींना बोलवावं लागलं नाही. ‘तपकिरी सुतळी, गाठी चार,’ इथून सुरुवात झाली. माझ्या गाठी सोडायला हवालदारांना वीस मिनिटं लागली. मग कॉम्प्युटर चालू करून ते आतल्या फायलींची नावं लिहून घेऊ लागले, आणि त्यांचा चष्मा जुन्या नंबरचा असल्यामुळे मावशी मदत म्हणून मोठ्यानं वाचू लागल्या.

“‘रजेचा अर्ज शेवटचा.’ ‘रजेचा अर्ज शेवटचा खरा.’ ‘वजन कमी करणे, दिवस पहिला.’ दिवस दुसरा दिसत नाही हो यात?” मावशींनी मान वळवून माझ्या पोटाकडे बघितलं. “‘वहिनींना पत्र, पाठवायचे नाही.’ हे कुणाचं?” बायकोचा चेहरा लाल झाला. मावशींचं बोट चुकून पडलं आणि पत्र उघडलं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आणि ते पत्र का पाठवायचं नव्हतं हे पहिल्या ओळीतच कळत होतं. मावशींनी ते तत्परतेनं बंद केलं, म्हणजे शेवटपर्यंत वाचून झाल्यावर.

मग ती फाईल आली. तिला नाव नव्हतं आणि ती उघडेना.

“याला कुलूप आहे,” हवालदार म्हणाले. “कुणाची?”

मुलगी दाराला टेकून उभी होती. “माझी.”

“पासवर्ड सांगा.”

“नाही सांगणार.”

“कुलूप घातलंय म्हणजे आत काहीतरी असणार,” हवालदार म्हणाले.

“आत काहीतरी असतं म्हणूनच कुलूप घालतात ना,” ती म्हणाली. आवाज साधा होता, पण दाराची कड तिनं घट्ट धरली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती हे मला पक्कं कळलं. त्या वेळी बापानं काहीतरी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी बोललोही.

“हवालदारसाहेब,” मी म्हणालो, “चहा घेणार ना?”

कायदेकाका म्हणाले, “बाळ, तपासाला सहकार्य करावं.” हवालदारांनी एका बोटानं नव्हे, चक्क हातानं लिहिलं: ‘एक फाईल कुलूपबंद. संशयास्पद.’ आणि आमचा कॉम्प्युटर पांढऱ्या कापडात गुंडाळून, लाखेची मोहर लावून, मुद्देमाल क्रमांक एक होऊन घरातून गेला.

टेबलाशेजारचा कोपरा मोकळा झाला. मुलीनं मला एवढंच विचारलं, “ते कोण वाचणार?” मी म्हणालो, कुणी नाही गं, तिथे सगळे तज्ज्ञ असतात. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. भांडली असती, रडली असती, ताट आपटलं असतं, तर मला सोसलं असतं. ती नीट जेवायची, नीट कॉलेजला जायची, आणि मी समोर आलो की बाजूला सरून मला वाट द्यायची. बायकोही बोलत नव्हती, पण तिचं कारण वहिनी होत्या.

शनिवारी मी रजा टाकून चौकीत गेलो. म्हटलं, तक्रार मागे घ्यायची आहे.

“मागे?” हवालदारांना खरंच वाईट वाटलं. “नोंद झाली की तक्रार तुमची राहत नाही. आता ती आमची.”

“मग निदान मुलीची तेवढी फाईल वगळा.”

“त्याला अर्ज आहे.” अर्ज निघाला. त्यात रकाना होता: ‘वगळावयाच्या मजकुराचे स्वरूप, सविस्तर.’ मी विचारलं, याचा अर्थ काय? ते म्हणाले, “आत काय काय आहे ते सगळं लिहा. म्हणजे ते खाजगी आहे की नाही ते आम्ही वाचून ठरवू.” मी तो अर्ज हातात धरून बराच वेळ बाकावर बसून राहिलो. मग रकान्यात लिहिलं, ‘माहीत नाही’. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला.

त्या अर्जाची प्रत काढायला मी अर्थातच झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो, आणि सोमवारी माझ्या नावानं दुसरा मेल गेला. या वेळी दात शुभ्र करणारी पूड. फोटो तोच. मोठ्या साहेबांचे दात बसवलेले आहेत, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या रागावरून ते सगळ्यांना कळलं.

मी मात्र आनंदानं चौकीत धावलो. “हवालदारसाहेब, कॉम्प्युटर तर तुमच्या कपाटात आहे! म्हणजे तो निर्दोष आहे! सोडा त्याला!”

“किंवा मग आमचं कपाट दोषी आहे,” ते घाबरून म्हणाले, आणि त्यांनी मुद्देमालाला दुसरी मोहर लावली.

त्या दिवशी बायकोनं अबोला मोडला. “तिनं तुम्हाला निरोप दिलाय,” ती म्हणाली. मुलगी शेजारच्याच खोलीत होती आणि मला निरोप येत होता. “दुकानात तुमचं ईमेल उघडं असतं. दिवसभरात पन्नास माणसं त्या खुर्चीवर बसतात. हे ती तुम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतेय.”

मी तसाच चपला अडकवून दुकानात गेलो. खुर्चीवर एक अनोळखी माणूस आपला दाखला छापत बसला होता आणि त्याच्या शेजारच्या चौकटीत माझं ईमेल सताड उघडं होतं. दुकानदार म्हणाला, “काका, लोक येतात, बसतात, जातात. मी कुणाकुणावर लक्ष ठेवू?” मी ते बंद केलं. दोन सेकंद लागली. एवढंच होतं ते सगळं.

दुसऱ्या दिवशी हवालदारांना सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. “असं असेल तर नवी तक्रार द्या. दुकानाचा कॉम्प्युटर जप्त करू. त्यात ज्या ज्या लोकांचे कागद असतील ते सगळे तपासू.” मला तो दाखला छापणारा माणूस आठवला. मी म्हटलं, राहू द्या. आणि आमचा? “तो प्रयोगशाळेत गेला. तिथून तपासून झाल्याशिवाय येत नाही.”

चार महिन्यांनी बोलावणं आलं. हवालदारांनी आनंदानं अहवाल वाचून दाखवला: ‘सदर संगणकात दोष आढळला नाही. प्रकरण बंद करण्यास हरकत नाही.’ टेबलावर आमचा कॉम्प्युटर होता, आणि त्याच्या शेजारी कागदांचा एक जाड गठ्ठा.

“हे काय?”

“ती कुलूपबंद फाईल. बाकी सगळं उघडंच होतं, त्यामुळे त्यांनी एवढीच छापली. दोनशे बारा पानं. सापडलं काही नाही हो, पोरीचं लिहिणं आहे सगळं.” म्हणजे त्यांनीही वाचलं होतं. “एक प्रत आमच्याकडे राहील, एक तुम्ही न्या. फक्त प्रत्येक पानाखाली लिहायचं, ‘वाचून पाहिले, बरोबर आहे,’ आणि सही.”

“मी हे वाचणार नाही,” मी म्हणालो. चार महिन्यांत पहिल्यांदा मी ठामपणे काहीतरी बोलत होतो.

“सही केली नाहीत तर प्रकरण बंद होणार नाही. कागद वर जातील. वर आणखी चार जण वाचतील.”

मी एक कोरा कागद मागून घेतला. तो प्रत्येक पानावर ठेवायचा, खालची दोन बोटं जागा तेवढी उघडी सोडायची, आणि लिहायचं. वाचून पाहिले, बरोबर आहे. सही. पुढचं पान. एकदा कागद घसरला तर मी डोळे मिटून घेतले आणि हवालदारांकडून तो सरळ करून घेतला. दोनशे बारा वेळा मी माझ्या मुलीच्या अक्षरांवरून नजर वळवली. हात आखडला, पण जीव हलका होत गेला. या साऱ्या प्रकरणात मी केलेलं ते एकमेव चांगलं काम आहे, अशी माझी खात्री होती.

घरी येऊन मी गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला. “देवाशपथ सांगतो,” मी म्हणालो, “एक ओळ वाचली नाही.”

तिनं पानं उलटायला सुरुवात केली. पहिल्या पानाखाली माझं अक्षर. दुसऱ्या पानाखाली माझं अक्षर. मी तिला तो कोरा कागद, हवालदार, वर जाणारे कागद, सगळं घाईघाईनं समजावत होतो. दोनशेच्या आसपास कुठेतरी ती थांबली, मग ते पान काढून तिनं माझ्यासमोर धरलं.

“एवढं तरी वाचा आता.”

मी चष्मा लावला.

‘हे इंजिनिअरिंग मला जमत नाही, सोडायचं आहे, हे बाबांना सांगायला आज तिसऱ्यांदा गेले. ते कायदेकाकांशी बोलत होते. जेवताना सांगितलं तर म्हणाले, तू अभ्यासाचं बघ. मी काय म्हणते आहे ते त्यांच्या कानापर्यंत जातच नाही. माझ्या हातचा कुठलाही कागद ते न बघताच बाजूला ठेवतील. आता नाही सांगणार.’

त्याच्या खाली, माझ्या आवक-जावकच्या वळणदार अक्षरात, लिहिलं होतं: वाचून पाहिले, बरोबर आहे. आणि सही, दिनांकासह.

वाचलं होतं म्हणावं तर मी तिच्या विश्वासाला मुकणार होतो. नव्हतं म्हणावं तर त्या पानावरचं अक्षर न् अक्षर खरं ठरत होतं. माझ्या आयुष्यात इतका अडकलेला मी साहेबांच्या केबिनमध्येही नव्हतो. मी ते पान पुन्हा वाचलं, अगदी पहिल्या शब्दापासून, सावकाश. ती वाट बघत होती.

“वाचलं,” मी म्हणालो. “बरोबर आहे.”

तिनं मान खाली घातली. मग बाकीचा गठ्ठा उचलून ती आत गेली. ते पान तिनं मागितलं नाही, आणि मीही परत दिलं नाही.